ताऱ्यांची एम.एस्सी. आणि दसऱ्याआधीचे कागद

बीड जिल्हा म्हटले की महाराष्ट्राला दोनच गोष्टी आठवतात, दुष्काळ आणि ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टर भरतात आणि वस्त्यावस्त्यांतून माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात. मार्च-एप्रिलपर्यंत गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली लेकरे. अशा जिल्ह्यातल्या एखाद्या बौद्ध घरातली मुलगी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि म्हणाली, "माय, मला खगोलशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे," तर त्या घरात काय होते?

आधी तर कोणाला काही कळतच नाही. आजी विचारते, "खगोल म्हंजी पत्रिका बघायची का गं?" थोरला भाऊ म्हणतो, बी.एड. कर, नाही तर पोलीस भरतीची तयारी कर. मावशी लग्नाचे काढते. बाप काही बोलत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल अजून किती फिटायची आहे, याचा हिशोब त्याच्या डोक्यात चाललेला असतो. मुलगीही मग गप्प बसते आणि पुढच्या आठवड्यात बी.एड.चा फॉर्म आणते.

या घरातल्या कोणालाही आम्ही नावे ठेवणार नाही. आजीचा प्रश्न रास्त आहे, भावाचा रास्त आहे, बापाचे गप्प बसणे तर सगळ्यात रास्त आहे. पण प्रश्न रास्त असला म्हणजे त्याचे उत्तर नसते असे थोडेच आहे? आम्ही एकेकाचे उत्तर देऊन पाहतो.

आजीपासून सुरुवात करू. खगोलशास्त्र आणि फलज्योतिष यांचा काडीचा संबंध नाही. तारे कशाचे बनलेत, किती लांब आहेत, कसे जन्मतात आणि कसे विझतात, हे मोजून सांगणारे शास्त्र म्हणजे खगोलशास्त्र. तो तारा तुमच्या लेकीच्या लग्नात आडवा येतो असे सांगणारा धंदा निराळा. या धंद्याची परीक्षा खुद्द आपल्या खगोलशास्त्रज्ञाने घेतली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांना सोबत घेऊन दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर पत्रिका हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना म्हटले, कोणती पत्रिका कोणाची ते ओळखा. सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरे पाठवली. सरासरी बरोबर उत्तरे निघाली ४६ टक्के. नाणे उडवून सांगितले असते तरी पन्नासाच्या आसपास आली असती! आजीबाई, तुमची नात हे असले काही शिकायला जाणार नाही. उलट गावात ग्रहण लागले की गरोदर सुनेला कोंडून ठेवू नका, हे ती कारणासकट सांगेल.

आता हे शास्त्र आपल्याला परके आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. डिसेंबरात पहाटे चारला कोपीतून उठून कोयता घेऊन फडाकडे निघणाऱ्या बाईला विचारा. तिकांडं पश्चिमेला कलले, बाजलं डोक्याकडे चढले, म्हणजे उजाडायला किती वेळ आहे हे ती घड्याळाशिवाय सांगते. पुस्तकवाले त्याच ताऱ्यांना मृग आणि सप्तर्षी म्हणतात. बालाघाटच्या डोंगरावर दिवाळीनंतर जे स्वच्छ काळे आभाळ मिळते, त्यासाठी पुण्या-मुंबईचे हौशी लोक पेट्रोल जाळून येतात. आपल्याला ते फुकट आहे. दुसरी एक गंमत सांगतो, पोरांना करून दाखवा. बीड शहरात १५-१६ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७-२८ जुलैच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यात बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी अंगणात सरळ काठी रोवा, तिची सावली नाहीशी होते. दिल्लीला हे वर्षात कधीच घडत नाही. का, ते शोधून काढण्यातच अर्धा भूगोल आणि पाव खगोल शिकून होतो.

परके ठेवले ते शास्त्राने नव्हे, माणसांनी. भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जलविड असे लिहिले आहे आणि काही अभ्यासक ते गाव म्हणजे आपले बीडच असे म्हणतात. दुसरे चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याचा. बीड असो की पाटण असो, त्या मठाच्या दारात आपल्या पूर्वजांना कोणी उभे केले नसते. म्हणून हा वाद आम्हाला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

आमच्या मनात भरतो तो दुसराच माणूस. मेघनाद साहा. जन्म ६ ऑक्टोबर १८९३, ढाक्याजवळच्या एका खेड्यात. बापाचे किराणा मालाचे छोटेसे दुकान, घरात आठ मुले, आणि जात बंगालात खालची समजली जाणारी. गावची शाळा संपल्यावर बापाने सांगितले, आता दुकानात बस. थोरल्या भावाने मात्र हट्ट धरला. सात मैलांवरच्या गावी एका डॉक्टरच्या घरी पोराची राहण्याची सोय लावली. बदल्यात गाय सांभाळायची आणि आपले ताट आपण घासायचे. पुढे कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात गेला तर वसतिगृहात वरच्या जातीची मुले त्याच्याबरोबर जेवायला बसेनात. सरस्वतीपूजेलाही त्याला बाजूला ठेवले. ज्या पूजेत विद्येची देवता बसवायची, तिथे वर्गातला हुशार मुलगा नको! वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९१५ साली साहांनी गणितात एम.एस्सी. केली. त्याच १९१५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून आपले बाबासाहेब एम.ए. झाले. एकाच देशातली ही दोन मुले, एकाच वर्षी, दोन टोकांना पदव्युत्तर पदवी घेत होती. दोघांनाही जातीने वसतिगृहापासून ताटापर्यंत सगळीकडे अडवले होते. हा नुसता योगायोग असेल, पण आमच्या मनातून तो जात नाही.

साहांनी काय केले ते थोडक्यात समजून घेऊ, कारण त्यावरच आजचे ताऱ्यांचे भौतिकशास्त्र उभे आहे. उन्हाचे किरण पावसाच्या थेंबांतून गेले की इंद्रधनुष्य दिसते. बारकाईने पाहणारे यंत्र लावले तर त्या रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. मुकादमाच्या कागदावर ज्याचा अंगठा त्याचाच, तसे. आता निरनिराळ्या ताऱ्यांच्या प्रकाशात निरनिराळे अंगठे दिसत होते. म्हणून लोक समजत, एक तारा एका मालाचा बनलेला, दुसरा दुसऱ्याच. साहांनी १९२० साली समीकरण मांडले. उष्णता वाढली की अणूतले इलेक्ट्रॉन निखळतात आणि अणूचा अंगठाच बदलतो. म्हणजे रेषा वेगळ्या दिसतात त्या मुख्यतः तापमान वेगळे असल्यामुळे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा, तर काही निळसर तारे तीस हजारांच्या वर. माल मात्र बहुतेक सारखाच. एका दुकानदाराच्या पोराने कलकत्त्यात बसून, मोठी दुर्बीण हाताशी नसताना, दूरच्या ताऱ्याचा ताप मोजायची रीत जगाला दिली.

या समीकरणाचा सगळ्यात मोठा उपयोग एका मुलीने केला, हे माता-भगिनींनी लक्षात ठेवावे. सेसिलिया पेन नावाची इंग्लंडची मुलगी. केंब्रिजला शिकली, पण त्या काळी ते विद्यापीठ बायकांना पदवी देत नसे. ती अमेरिकेत गेली. १९२५ च्या प्रबंधात तिने साहांचे गणित वापरून दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. एका मोठ्या प्राध्यापकाने सांगितले, हे शक्य नाही. तिला आपल्याच प्रबंधात लिहावे लागले की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी त्याच प्राध्यापकाला तिचेच म्हणणे मान्य करावे लागले. साहा पुढे १९५२ साली लोकसभेवर निवडून गेले. देशाचे पंचांग एक करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९५७ पासून सरकारी राजपत्रावर जे राष्ट्रीय सौर दिनांक छापतात, ते त्या समितीचे काम. साहा १६ फेब्रुवारी १९५६ ला गेले. त्याच वर्षाच्या ६ डिसेंबरला काय झाले ते सांगायला नकोच.

आता भावाच्या प्रश्नाकडे येऊ. हे शिकायचे कुठे आणि शिकून करायचे काय?

मराठवाड्याला हे नवे नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्याची हैदराबादला निजामिया नावाची वेधशाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या वेधशाळांनी मिळून आभाळाची फोटोवरून यादी करायचे काम वाटून घेतले, त्यात निजामियाने लाखो तारे मोजून दिले. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली आणि तिथे खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला. बीडचा शेतसारा निजामाच्या तिजोरीत जात होता. तेव्हा त्या दुर्बिणीच्या काचेत आपल्या पणज्या-आज्यांच्या घामाचाही थोडा वाटा आहे, असे आम्ही समजतो.

आजची ठिकाणे आणखी जवळ आहेत. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. नारळीकर तिचे पहिले संचालक. २० मे २०२५ रोजी ते गेले. ही संस्था मुळातच देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी काढलेली आहे. गिरवलीच्या डोंगरावर २००६ पासून तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिथून जवळच, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात, त्यामुळे दिवसाही काम चालते. बीडहून अहिल्यानगर आणि तिथून कल्याणच्या रस्त्याने आळेफाटा, असा तिकडचा रस्ता. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर रेल्वेही सुरू झाली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला मोठे प्रदर्शन भरते आणि खेड्यापाड्यांतली पोरे तिथे झुंबड करतात. आपल्या शाळांनी सहल काढायची तर तिथे काढावी. तीर्थक्षेत्राच्या सहली पुष्कळ झाल्या.

आणि आपल्या मराठवाड्यातच, परभणीच्या पलीकडे, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. केंद्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी, तीत लेझरचा किरण. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशालाच हादरा बसतो आणि तो इथे मोजायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिला हादरा पकडला. तो सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता आणि त्याने नळीच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान होता. औंढ्याला अशी वेधशाळा चालवायची तर शास्त्रज्ञ लागतील, इंजिनिअर लागतील, निर्वात यंत्रणा आणि संगणक सांभाळणारे लागतील. ती माणसे बंगळूरहूनच यावीत, आणि आपल्या पोरांनी फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहावे, असे कुठे लिहून ठेवले आहे काय?

एम.एस्सी.साठी मुख्य वाटा तीन. एक, पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून खगोलभौतिकी हा खास विषय घ्यायचा. दुसरी, आयआयटी इंदूरसारख्या संस्थेत सरळ खगोलशास्त्राची एम.एस्सी. तिला 'जॅम' नावाची परीक्षा लागते. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. तिरुवनंतपुरमच्या अवकाश विज्ञान संस्थेतही या विषयाची पदव्युत्तर पदवी आहे. तिसरी वाट, आपल्याच जवळच्या कॉलेजात साधी फिजिक्सची एम.एस्सी. नीट करायची आणि मग आयुका, खोडदच्या दुर्बिणीचे काम पाहणारी पुण्याची एनसीआरए किंवा मुंबईची टाटा संस्था यांच्या पीएच.डी.च्या परीक्षा द्यायच्या. ही तिसरी वाट आम्हाला आपल्या घरांसाठी सगळ्यात चांगली वाटते. पोर जवळ राहते, खर्च कमी होतो आणि खगोल जमले नाही तरी हातात फिजिक्सची पदवी राहते. खगोलभौतिकी म्हणजे शेवटी फिजिक्सच. पहिले वर्षभर तारा दिसतच नाही. मेकॅनिक्स, क्वांटम, विद्युत-चुंबकत्व आणि गणित, गणित, गणित. ज्याला आकाश नुसते पाहायला आवडते पण समीकरण पाहून ताप येतो, त्याने ही वाट धरू नये. छंद म्हणून आभाळ पाहावे, त्यात कमीपणा नाही.

दुसरे शिकायचे ते संगणकाचे. युरोपच्या गाया यानाची १८० कोटींहून अधिक ताऱ्यांची यादी २०२२ साली खुली झाली. कोणीही फुकट पाहू शकतो. केजच्या पोरीला आणि केंब्रिजच्या पोरीला तीच यादी. पायथन नावाची संगणकाची भाषाही फुकट आहे. इंग्रजीचे भय मात्र खरे आहे. मराठी माध्यमातून आलेल्या लेकराला पहिले सहा महिने जड जातात. नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' आधी मराठीत वाचावे, म्हणजे विषय डोक्यात बसतो. मग इंग्रजी नावे तेवढी शिकायची राहतात.

पोटाचे काय? खरे सांगतो, या विषयात कायमच्या नोकऱ्या थोड्या आहेत. एम.एस्सी. झाली की लगेच साहेब, असे होत नाही. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात आणि पुढेही धडपड असते. ज्याची धाकटी भावंडे त्याच्या पगारावर डोळे लावून बसली आहेत, त्याने हे आधीच घरात सांगावे. मात्र हेच गणित आणि संगणक शिकलेले लेकरू उपाशी राहत नाही. कॉलेजात शिकवता येते, अवकाश संस्था आहे, हवामान खाते आहे, कंपन्यांना आकडेवारीचे काम करणारी माणसे लागतात.

आणि बापाच्या मनात आणखी एक भय असते, ते तो बोलून दाखवत नाही. एवढ्या लांब, मोठ्या लोकांच्या संस्थेत आपल्या लेकराला कोणी टोचून बोलले तर? हे भय खोटे नाही. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात आपण त्याला गमावले. म्हणून पोराला पाठवताना नुसते पैसे पाठवून भागत नाही. आठवड्याला फोन करा आणि "अभ्यास कसा चाललाय" याच्याआधी "जेवलास का, कोणाशी बोललास का" असे विचारा. संस्थेतला अनुसूचित जाती-जमाती कक्ष कुठे आहे, तिथले दादा-ताई कोण आहेत, हे पहिल्याच आठवड्यात शोधायला सांगा.

राहिला पैसा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरासाठी तीत वर्षाला साठ हजारांपर्यंत मदत ठरली होती. अटी बदलत असतात, म्हणून समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षाचे परिपत्रक मागून घ्यावे. तोंडी माहितीवर परत येऊ नये.

पण शिष्यवृत्ती असो की आयआयटी, सगळे अडते ते दाखल्यापाशी. आपल्यातल्या पुष्कळ घरांनी शाळेत जातीच्या रकान्यात अभिमानाने 'बौद्ध' एवढेच लिहिले. ते योग्यच होते. पण केंद्राच्या यादीत 'नवबौद्ध' नावाची जात नाही. १९९० च्या कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसांना केंद्रातले हक्क मिळाले, मात्र त्यासाठी मूळ जातीची नोंद असलेला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा दाखला दाखवून ऐनवेळी जागा हुकायला नको. आजोबांची शाळेची निर्गम नोंद, वडिलांचा टी.सी., जुना महसुली कागद, जे असेल ते काढून ठेवा.

आणि इथे ऊसतोडीचे वेळापत्रक आडवे येते. जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतो आणि ऑक्टोबरात बंद होतो. परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे फॉर्म भरायच्या दिवसांत घरात पेट्या बांधणे चाललेले असते आणि परीक्षेच्या दिवशी माय-बाप कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत कोपीत असतात. उत्पन्नाच्या दाखल्याला बापाचे कागद लागतात, बाप सांगली-कोल्हापूरकडे. मागे राहिलेल्या पोरीने एकटीने तहसीलच्या किती खेपा घालाव्यात? म्हणून उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला, जात पडताळणीचा अर्ज आणि बँकेच्या पासबुकाला आधार जोडणे, ही पाच कामे पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत उरकून घ्यावीत. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी एका रविवारी विहारात बसून चार घरांचे फॉर्म भरून द्यावेत. कागदांच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. एक पोरीजवळ राहील. दुसरी माय आपल्या पेटीत फडावर घेऊन जाईल, कारण फेब्रुवारीत फोन येतो तो नेमका बापाच्या आधार क्रमांकासाठीच.